शिष्यवृत्तीच्या अर्जापासून सामाजिक संस्थेतील कामापर्यंत: महाविद्यालयीन वर्षांची आखणी

शिष्यवृत्तीवर शिकत असताना पुढे सामाजिक संस्थेत काम करण्याचा विचार मनात असेल, तर पहिल्या वर्षातले पहिले काम म्हणजे स्वतःची शिष्यवृत्ती वेळेवर आणि पूर्ण मिळवणे. हे सांगणे रूक्ष वाटेल, परंतु लोकांसाठी काम करण्याची तळमळ असलेली अनेक मुले-मुली दुसऱ्या वर्षाच्या शुल्कापाशी अडतात आणि मग जे काम मिळेल ते धरतात. शिवाय अर्ज कोणत्या टेबलावर, कोणत्या कारणाने थांबतो आणि कोणी विचारल्यावर पुढे सरकतो, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्याला सामाजिक कामाचा निम्मा पाया महाविद्यालयातच मिळालेला असतो. या मार्गदर्शनातील बहुतेक सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी पैशाची बाजू

महाराष्ट्रात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप (शुल्कमाफी), राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरले जातात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे प्रवेशाच्या धांदलीत गोळा करायला निघू नये. बारावीचा निकाल लागण्याआधीच सेतू केंद्रात अर्ज टाकलेला असावा. अर्ज भरून झाला की तो प्रथम महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो आणि तेथून मंजुरी मिळाल्यावर संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे, म्हणजे अनुसूचित जातींच्या बाबतीत समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, पोहोचतो. 'अर्ज भरला' एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांचे अर्ज बहुधा पहिल्याच टप्प्यावर पडून असतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहावी आणि त्रुटी दाखवून अर्ज परत आला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवावा.

बँक खात्याबाबत एक बारकावा नीट समजून घेतला पाहिजे. शाखेत आधार क्रमांक नोंदवला म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील, असे नसते. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम एनपीसीआयच्या (बँकांमधील देवाणघेवाणीची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधार क्रमांक ज्या बँकेशी जोडलेला असेल तेथे जाते, आणि मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे आधार जोडला तर ही नोंद बदलू शकते. मग विद्यार्थी एका पासबुकाकडे डोळे लावून बसतो आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा ठरलेला असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम महाविद्यालयाला भरायची असते. घरातल्या दुखण्यात किंवा बी-बियाण्यात ती खर्च झाली, तर शेवटच्या वर्षी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मागताना तीच थकबाकी समोर उभी राहते. घरच्यांना ही गोष्ट पहिल्याच हप्त्याच्या वेळी स्पष्ट सांगावी.

शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च अनेकदा जड जातो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत तिची मदत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून मिळणारी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांना लागू आहे. आपला अभ्यासक्रम तीत बसतो का, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारावे. यातूनही भागत नसेल तर विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना शहरातल्या रात्रपाळीपेक्षा बरी, कारण तिचे तास तासिकांना सांभाळून ठरतात.

पदवीची वर्षे: सुरुवात आपल्याच रांगेतून

समाजकार्यात जायचे म्हणजे बी.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदवीच केली पाहिजे, असे नाही. कृषी, परिचर्या, विधी, वाणिज्य, अर्थशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी घेतलेली माणसे संस्थांना हवी असतात, आणि हिशेब चोख ठेवणारा वाणिज्य पदवीधर ग्रामीण संस्थेला सहज मिळत नाही. तेव्हा ज्या विषयात गती आहे तो विषय धरावा, तो चांगल्या गुणांनी पूर्ण करावा आणि सामाजिक कामाची ओळख त्याच्या बरोबरीने करून घ्यावी.

ही ओळख करून घेण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे आपल्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज. राज्यातील अनेक महाविद्यालयांत समाजकल्याण विभागाच्या पुढाकाराने समान संधी केंद्रे स्थापन झाली आहेत. ती पुष्कळ ठिकाणी फलकापुरतीच आहेत, पण म्हणूनच तेथे काम करू इच्छिणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोणी अडवत नाही. दोघा-तिघांनी मिळून प्रवेशाच्या काळात रोज एक तास बसावे, अर्ज भरायला मदत करावी आणि एका साध्या वहीत प्रत्येकाची अडचण लिहून ठेवावी: कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना आहे, कोणाच्या आधारवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नाही, कोणाचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर किती दिवस थांबला. नोंदी साठल्या की वैयक्तिक वाटणाऱ्या अडचणींतून एक आकृती दिसू लागते. नावातील तफावतीमुळे अडलेल्यांत लग्न झालेल्या मुली जास्त आहेत, किंवा एकाच तालुक्यातील दाखले उशिरा येत आहेत, असे काही हाती लागते आणि त्यावर बोलता येते.

बोलायचे कोणाशी आणि कसे, हा पुढचा धडा. प्रथम प्राचार्यांना नोंदींसह लेखी निवेदन द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. त्यानंतर सहायक आयुक्तांच्या कार्यालयात तेच निवेदन द्यावे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे: अर्जाला दहा रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि जनमाहिती अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा असल्यामुळे प्रश्न नेमका विचारण्याची सवय आपोआप लागते. ही सवय पुढे प्रकल्प प्रस्ताव लिहिताना फार उपयोगी पडते. मोर्चा, घोषणा, पत्रकार परिषद या गोष्टी त्याज्य आहेत असे मला म्हणायचे नाही, पण हातात नोंदी नसताना केलेल्या घोषणेला कार्यालयात फारशी किंमत मिळत नाही, आणि ज्या लिपिकाशी पुढील तीन वर्षे काम पडणार आहे त्याला पहिल्याच दिवशी शत्रू करण्यात शहाणपण नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव जरूर नोंदवावे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असते. प्रभातफेरी, श्रमदान, वृक्षारोपण आणि रात्रीचे सांस्कृतिक कार्यक्रम हा शिबिराचा ठरलेला साचा आहे, आणि लावलेली झाडे उन्हाळ्यात कोण जगवणार हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. त्याऐवजी कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोलून एका विषयाची घरोघर पाहणी मागून घ्यावी. शिधापत्रिका नसलेली किंवा बंद पडलेली कुटुंबे, अंगणवाडीत नाव आहे पण जात नाहीत अशी मुले, निराधार योजनेस पात्र असूनही अर्ज न केलेल्या वृद्ध महिला, यांपैकी एकच विषय सात दिवसांत नीट होतो. पाहणीचा गोषवारा शेवटच्या दिवशी ग्रामस्थांसमोर वाचून दाखवावा आणि प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. माहिती गावाची आहे, त्यामुळे ती आधी गावाला कळली पाहिजे.

पाहणी शास्त्रशुद्ध कशी करतात हे शिकायचे असेल, तर 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणात स्वयंसेवक म्हणून सामील व्हावे. हे सर्वेक्षण जिल्ह्यांतील स्थानिक महाविद्यालये व संस्था यांच्यामार्फत केले जाते. घरे कशी निवडायची, मुलाला घाबरवून न सोडता वाचायला कसे द्यायचे, पालकाने 'आता नको' म्हटले तर काय करायचे, हे त्या प्रशिक्षणात कळते. त्याबरोबरच आपल्या स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला बसावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी प्रथेप्रमाणे सभा बोलावल्या जातात. कित्येक सुशिक्षित तरुणांनी आपल्याच गावची एकही सभा पाहिलेली नसते. गणसंख्या भरली का, इतिवृत्त कोणी लिहिले, महिला कोठे बसल्या आणि त्यांच्यापैकी कोणी बोलले का, एवढे जरी टिपले तरी पुष्कळ समजते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे अभ्यासगटात वर्षानुवर्षे बसून विषय समजून घेण्याची आणि सर्वसहमतीने निर्णय करण्याची गावाची पद्धत होती. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याचे काम अशा ठिकाणी मदतनिसाचे असते, हे महाविद्यालयात असतानाच लक्षात आले तर पुढे बराच मनस्ताप वाचतो.

भाषेकडे मात्र फार कमी विद्यार्थी लक्ष देतात. देणगीदारांसाठीचे अहवाल बहुधा इंग्रजीत लागतात, म्हणून साध्या, बिनचूक इंग्रजीत दोन पानी अहवाल लिहिता आला पाहिजे. पण मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली व पावरी, दक्षिण गडचिरोलीत माडिया बोलली जाते, आणि ज्या विद्यार्थ्याची ती घरची बोली आहे त्याने ती शहरात लपवू नये. संस्थेच्या दृष्टीने ती इंग्रजीइतकीच मोलाची पात्रता आहे, आणि मुलाखतीत ती स्वतःहून सांगावी.

पदव्युत्तर शिक्षण की फेलोशिप

पदवीनंतर दोन वाटा फुटतात. ज्याला समुपदेशन, वैद्यकीय समाजकार्य किंवा समुदाय संघटनाचे रीतसर शिक्षण हवे आहे त्याने एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करावी. १९३६ मध्ये स्थापन झालेली मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिचे धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचे ग्रामीण केंद्र, मुंबईतील निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था ही जुनी आणि नावाजलेली ठिकाणे आहेत. टाटा संस्थेतील पदव्युत्तर प्रवेश आता सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतात, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवावे लागते. बंगळूरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते. परंतु राज्याबाहेर शिकताना आपली राज्य शिष्यवृत्ती कोणत्या अटींवर सुरू राहील, हे जिल्हा कार्यालयातून लेखी विचारून घेतल्याशिवाय जागा स्वीकारू नये. या पदवीचा एक व्यावहारिक लाभही आहे: शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही चाचणी व उपचार केंद्रांतील समुपदेशक अशा पदांसाठी ती चालते, त्यामुळे संस्थेतले काम काही कारणाने सुटले तरी हात रिकामे राहत नाहीत. घरी 'एमपीएससी का देत नाहीस?' हा प्रश्न रोज विचारला जात असेल, तर हे उत्तर उपयोगी पडते.

ज्याला अजून विषयच ठरवता आलेला नाही त्याने आधी फेलोशिप, म्हणजे ठरावीक काळ मानधनावर प्रत्यक्ष काम करत शिकण्याचा कार्यक्रम, करावी, असे माझे मत आहे. टीच फॉर इंडियाची फेलोशिप दोन वर्षांची असून मुंबई-पुण्यातील अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळांत शिकवावे लागते. गांधी फेलोशिपमध्येही सुमारे दोन वर्षे शाळा आणि शासकीय यंत्रणेबरोबर काम असते. एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची असते आणि तिच्यात अनुभवी संस्थेच्या आधाराने ग्रामीण भागात राहता येते. मुख्यमंत्री फेलोशिप शासनाच्या आतून काम दाखवते, पण तिला पदवीचे ६० टक्के गुण आणि कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो. या सर्वांआधी, शिक्षण सुरू असतानाच, डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण'ची शिबिरे करता येतात. गडचिरोलीतील शोधग्रामच्या त्या शिबिरांत आपण नेमके कोणत्या प्रश्नावर काम करू इच्छितो, याचा शोध घेण्यावर भर असतो.

येथे एक जुने उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड रक्कम आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. ती नोकरी बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळू न दिल्याने टिकली नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा त्यांनी स्थापन केली ती लंडनमधील उच्च शिक्षण पूर्ण करून परतल्यावर, जुलै १९२४ मध्ये, आणि सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आजच्या काळातही बुलढाणा जिल्ह्यातून आलेले राजू केंद्रे टाटा संस्थेत शिकले, मुख्यमंत्री फेलो म्हणून यवतमाळमध्ये राहिले आणि घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामवंत संस्थांतील प्रवेशासाठी तयार करणारे 'एकलव्य' त्यांनी उभे केले. लंडनला ते ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर नंतर गेले. दोन्ही ठिकाणी कामाचा विषय स्वतः सोसलेल्या अडचणीतून आला.

संस्था पारखताना

नोकरी स्वीकारण्यापूर्वी संस्थेची कागदपत्रे पाहणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. नोंदणी क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल मागावेत. प्रामाणिक संस्था ते आनंदाने देते. धर्मादाय आयुक्त कार्यालयात विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असतील, तर त्याचे कारण विचारावे, कारण कधीकधी आत दोन गट भांडत असतात. नेमणूक पत्र लेखी घ्यावे, त्यात कामाचे ठिकाण, कालावधी आणि प्रवासखर्चाचा उल्लेख असावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, आणि वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. हे दोन प्रश्न मुलाखतीत विचारल्याने कोणी नाकारत असेल, तर ती नोकरी गेल्याचे दुःख करू नये. शेवटी प्रत्यक्ष कार्यक्षेत्रात एक दिवस जाऊन, कार्यालयातले कोणी सोबत नसताना, वस्तीतील लोकांना संस्थेबद्दल विचारावे.

वेतनाबद्दल संकोच करू नये. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी बहुधा वर्षावर्षाच्या करारांवर येतो, आणि परदेशी देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाला २०२० च्या दुरुस्तीनंतर २० टक्क्यांची मर्यादा आली आहे. त्यामुळे प्रकल्प संपला की पद संपते, हे बहुतेक संस्थांचे वास्तव आहे. आपले पद कोणत्या निधीतून आहे आणि तो कधी संपतो, हे पहिल्याच दिवशी माहीत असावे. ज्याच्या पगारावर धाकट्या बहिणीचे शिक्षण अवलंबून आहे त्याने पहिली दोन-तीन वर्षे मोठ्या, स्थिर संस्थेत काढली, तर त्याची निष्ठा कमी ठरत नाही.

स्वतःची संस्था काढण्याचा मोह

पदवी हातात पडताच मित्रांसह संस्था नोंदवण्याची घाई सर्रास दिसते. सोसायटी कायद्याखाली सात सभासद जमवून नोंदणी होते, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. अवघड भाग त्याच्या पुढे आहे. संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी प्राप्तिकराची १२-ए आणि ८०-जी ही नोंदणी नव्या संस्थेला सुरुवातीला तात्पुरती मिळते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीसाठी सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज आणि तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी देणगीच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. म्हणजे पहिली तीन वर्षे लोकवर्गणीवर आणि स्वतःच्या खिशावर काढायची असतात, शिवाय दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे चुकवता येत नाहीत. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या तरुणाच्या मागे हा भार उचलणारे घर बहुधा नसते.

त्यापेक्षा महाविद्यालयातला अर्ज-मदतीचा गट तसाच, बिननोंदणीचा, चालू ठेवता येतो. समान संधी केंद्राच्या छत्राखाली किंवा एखाद्या जुन्या संस्थेचा उपक्रम म्हणून तो चालला, तर त्याला स्वतंत्र बँक खाते लागत नाही. नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी जून ते ऑगस्ट या काळात दोन रविवार द्यावेत, नोंदींची वही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावी आणि झेरॉक्स-प्रवासाच्या खर्चाचा ताळेबंद सर्वांना दिसेल असा फलकावर लावावा. तीन-चार वर्षांनी काम आपल्या अनुपस्थितीतही चालत असेल आणि वर्गणी वेळेवर येत असेल, तर एखाद्या सनदी लेखापालाकडे बसून नोंदणीचा विचार करावा.